पांढरं काहीतरी

बग शोधणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. दिवसभर कोणीतरी लिहिलेल्या (बऱ्याचदा मीच लिहिलेल्या!) कोडमधले बग शोधायचे आणि महिन्याच्या शेवटी पगार घ्यायचा. त्यामुळे खरेखुरे, सहा पायांचे बग शोधायला गेल्यावर मी जी माती खाल्ली, ती कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. आज सांगूनच टाकतो. त्या निमित्ताने थोडा इतिहासही सांगायचा आहे, कारण नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की अशी माती खाणारा मी पहिला नाही. माझ्याआधी थेट ईस्ट इंडिया कंपनीने खाल्ली आहे.

पुरंदर तालुक्यात माझ्या मामांची तीन एकर सीताफळाची बाग आहे. दिवेघाट चढून गेलं की सासवड, आणि तिथून पुढे अर्धा तास. २०१८ साली मी एक मॅक्रो लेन्स घेतली. (तिची किंमत बायकोला अजून निम्मीच माहीत आहे.) मॅक्रो लेन्स हातात आली की माणसाला डोंगर, सूर्यास्त वगैरे दिसेनासं होतं आणि बोटाएवढ्या जागेतलं जग दिसायला लागतं. मग माझा कार्यक्रमच ठरून गेला. शनिवारी पहाटे गाडी काढायची, मामींच्या हातचा चहा घ्यायचा आणि बागेत शिरायचं. बांधावरची रानफुलं, फांद्यांवरचे किडे, पानामागचे कोळी, जे दिसेल ते टिपायचं. रविवारी संध्याकाळी घरी येऊन पुस्तकं आणि इंटरनेट धुंडाळत एकेकाला नाव लावायचं. कंबरमोडी, केना, आघाडा, दुधी... यादी वाढत होती. चार महिन्यांत मी स्वतःला तज्ज्ञ समजायला लागलो. आमच्या क्षेत्रात हे नेहमीच होतं. नवीन भाषा शिकून चार महिने झालेला माणूस सगळ्यात धोकादायक असतो.

त्या ऑगस्टमध्ये फळं चांगली धरली होती. काही फळांच्या डोळ्यांमधल्या खाचांत पांढरं, कापसासारखं काहीतरी दिसायला लागलं. हा पिठ्या ढेकूण. सीताफळवाल्यांना तो नवीन नाही. अंगावर मेणाची पांढरी भुकटी, म्हणून पिठ्या. तो फळाचा आणि कोवळ्या फांदीचा रस पितो, गोड चिकट द्रव सोडतो, त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. आतून फळ कितीही गोड असलं तरी वरून काजळी धरलेल्या क्रेटला बाजारात कोणी विचारत नाही.

मामांचं तेव्हा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा लावून ते ओसरीवर बसलेले. बागेत जायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मी आपला लेन्स घेऊन फिरत होतो आणि एका फांदीवर मला जे दिसलं त्याने मी हादरलोच. राक्षसी पिठ्या ढेकूण! नेहमीचा तीन-चार मिलिमीटरचा असतो. हे महाशय सेंटिमीटरभर लांब, अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या लोंबताहेत, आणि चक्क तुरुतुरु पळताहेत. एक नाही, बऱ्याच झाडांवर होते. मी धावत घरी.

"मामा, पिठ्या फार माजलाय. सेंटिमीटर-सेंटिमीटरचे झालेत. आजच फवारायला पाहिजे."

"एवढं मोठं कधी होत नाय रं. नक्की पिठ्याच हाय का?"

"शंभर टक्के. फोटो आहेत माझ्याकडे."

झालं. मामेभावाने दुपारी पंप काढला आणि संध्याकाळपर्यंत तीन एकर फवारून झाली. मी विजयी मुद्रेने पुण्याला परत.

तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा राक्षस एकही नव्हता. पण साधा, छोटा पिठ्या ढेकूण मात्र आधीच्या चौपट झाला होता. फळं काळी पडायला लागली होती. मामांचा चष्मा निघाला होता. ओसरीवर बसून मी त्यांना लॅपटॉपवर फोटो दाखवत होतो. राक्षसाचा फोटो आला आणि ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "ही आपली माणसं होती रं."

बस्स, एवढंच म्हणाले. पुढे फोटो बघायला लागले.

*

ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची पिल्लं होती, म्हणजे अळ्या. मामांनी जुलैमध्ये पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतून हे किडे आणून, संध्याकाळच्या वेळी, झाडाझाडावर स्वतःच्या हाताने सोडले होते. प्रौढ किडा दिसायला साधा, जेमतेम चार मिलिमीटरचा, काळपट, डोक्याकडे आणि शेपटाकडे नारिंगी. अळी मात्र हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते, फक्त आकाराने मोठी. पिठ्या ढेकूण हेच तिचं अन्न. पिठ्याने सोडलेल्या गोड द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात, तेव्हा पांढरा मेणाचा अंगरखा घातला की मुंग्यांचा त्रास कमी होतो असं मानतात. थोडक्यात, मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा. पण तो आपला लांडगा.

आणि फवारणीने झालं काय? पिठ्याच्या अंड्यांच्या पुंजक्यावर मेणकट कापूस असतो, औषध आत नीट पोचत नाही. उघड्यावर पळणारा ढालकिडा मात्र पहिल्या फवाऱ्यात मेला. अंडी फुटली, खाणारा कोणी उरला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, मी प्रॉडक्शनवर चाललेला अँटिव्हायरस व्हायरस समजून उडवला.

खरी लाज पुढे आहे. घरी येऊन मी तो फोटो पूर्ण मोठा करून पाहिला. एका अळीच्या तोंडात पिठ्या ढेकूण होता. स्पष्ट. शार्प. फोकस अगदी बरोबर. फोटोत सगळं होतं, मीच ते पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी मामांना किती फटका बसला ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मामेभावाकडून कळलं की निम्म्याहून जास्त माल गर कारखान्याला, मिळेल त्या भावाने गेला. मग मी वाचायला बसलो. अपराधी भावनेसारखा अभ्यासाला दुसरा क्लास नाही.

*

तर मंडळी, चला अठराव्या शतकात. तिथेही मुख्य पात्र पांढरं काहीतरीच आहे.

मेक्सिकोत निवडुंगाच्या फड्यांवर पांढऱ्या कापसाचे ठिपके दिसतात. ठिपका चिरडला की बोट लालभडक होतं. हा कोचिनियल, आपल्या पिठ्या ढेकणाचा लांबचा भाऊबंद. या किड्याच्या माद्या वाळवून जो लाल रंग मिळतो त्याला युरोपात प्रचंड भाव होता. राजांचे झगे, कार्डिनलांचे पायघोळ अंगरखे, ब्रिटिश अधिकाऱ्यांचे लाल कोट या रंगाने रंगायचे. स्पेनने ही मक्तेदारी दोन शतकांहून जास्त काळ घट्ट धरून ठेवली होती.

गंमत म्हणजे, हा माल वापरणाऱ्या युरोपाला तो काय आहे हेच नीट माहीत नव्हतं. वाळलेली मादी दिसते दाण्यासारखी. स्पॅनिश लोकही तिला 'ग्राना' म्हणजे दाणाच म्हणत. त्यामुळे हे बी आहे की फळ आहे की किडा, यावर सुमारे शंभर वर्षं वाद चालला. अॅमस्टरडॅममध्ये मेल्खिओर द रुउशर नावाच्या गृहस्थाने तर यावर मित्राशी पैज लावली. ती मिटवायला त्याने मेक्सिकोतल्या ओआहाकामधून, प्रत्यक्ष निवडुंगावर हे पीक घेणाऱ्या लोकांच्या शपथेवरच्या साक्षी मागवल्या आणि १७२९ साली त्याचं पुस्तक काढलं. किडाच निघाला! मला यात आवडलेली गोष्ट अशी की सूक्ष्मदर्शकं होती, पंडित होते, पण पैजेचा निकाल लागला तो रोज त्या झाडाखाली उभ्या असणाऱ्या माणसांच्या साक्षीवर.

आता हा किडा आपल्याकडे हवा, असं ईस्ट इंडिया कंपनीला वाटलं नसतं तरच नवल. तसा किड्यापासूनचा लाल रंग आपल्याला नवीन नव्हता. लाक्षागृहातली लाख आणि पायाला लावायचा अळिता, दोन्ही लाखेच्या किड्याचीच देणगी. पण भाव होता तो कोचिनियलला. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन १७८६ पासून या किड्याच्या मागे हात धुऊन लागले. आधी त्यांना स्थानिक गवतावरच एक पांढरा किडा सापडला, आणि 'सापडला, सापडला' म्हणून त्यांनी लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पत्रं धाडली. तो कोचिनियल नव्हता. (डॉक्टरसाहेब, मी तुमचं दुःख समजू शकतो.)

मग १७९५ साली कॅप्टन नील्सन नावाचा अधिकारी रिओ द जानेरोहून येताना निवडुंगासकट जिवंत किडे घेऊन कलकत्त्याला उतरला. सगळे खूश. किडे बंगालमधल्या निवडुंगावर सोडले, ते भराभर वाढले, गोळा केले, वाळवले... आणि रंग निघाला हलका. कारण हा मेक्सिकोचा माणसाळवलेला कोचिनियल नव्हताच. दक्षिण अमेरिकेतला त्याचा रानटी चुलतभाऊ होता. दोन्ही पांढरे, दोन्ही निवडुंगावर, दोन्ही चिरडले की लाल. एक सोन्याच्या भावाचा, दुसरा फुकट घालवण्याच्या लायकीचा.

कंपनीचा धंदा बुडाला, पण किड्याला ते कोणी सांगणार? तो निवडुंग खातच सुटला. त्या निवडुंगाची जात होती ओपन्शिया मोनॅकँथा. तीही अमेरिकेचीच, आणि कुंपणातून सुटून सगळीकडे माजलेली. उत्तर भारतात किड्याने तिचा फडशा पाडला. हे बघून १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तोच किडा मुद्दाम दक्षिण भारतात नेऊन सोडला, आणि १८६५ च्या सुमारास तिथून श्रीलंकेत. तणावर किडा सोडून तण मारायचं, ही आज जगभर वापरली जाणारी पद्धत. तिचा पहिला प्रयोग कुठे झाला याचं उत्तर 'भारतात' असं देतात, आणि तो झाला एका चुकलेल्या ओळखीतून.

पण गोष्ट इथे संपत नाही. कारण निवडुंगही एकच नव्हता.

आमची आजी सांगायची की तिच्या लहानपणी गावाभोवती फड्या निवडुंग होता. त्याची लाल बोंडं खाऊन पोरांची तोंडं रंगायची आणि घरी आल्यावर बारीक कुसळं काढताना आईच्या चापट्या बसायच्या. आपल्याकडचा हा फड्या म्हणजे ओपन्शिया डिलेनी, पिवळ्या फुलांचा. दक्षिण भारतात तर तो इतका पसरला होता की शेतं आणि कुरणं त्याने गिळली होती. आणि नील्सनचा किडा याला तोंडही लावत नव्हता! एका जातीचा सर्वनाश करणारा किडा शेजारच्या दुसऱ्या जातीवर उपाशी मरत होता. लोकांच्या दृष्टीने दोन्ही 'निवडुंग'च, पण किड्याला बरोबर ओळखू येत होतं. शेवटी कोचिनियलची आणखी एक जात १९२६ साली श्रीलंकेमार्गे भारतात आणली, आणि काही वर्षांत दक्षिणेतला डिलेनी आटोक्यात आला. म्हणजे बरोबर झाडाला बरोबर किडा भेटायला १७९५ पासून मोजली तर १३१ वर्षं लागली.

या सगळ्यातून मी एक साधं सूत्र काढलं. आधी नाव. नावावरून गाव कळतं, म्हणजे हा प्राणी मूळचा कुठला. गावावरून वैरी कळतो, म्हणजे तिथे त्याला कोण खातं. पहिली पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं.

(सूत्रालाही अपवाद आहेतच. नील्सनच्या किड्याला शास्त्रीय नाव मिळालं ते १८९६ साली, श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून. म्हणून तो डॅक्टिलोपियस सेलोनिकस, अर्थात 'सिलोनचा'. मूळ गाव दक्षिण अमेरिका, आधार कार्डावर पत्ता सिलोन! असो.)

*

पहिली पायरी चुकली की काय होतं याचं सगळ्यात महागडं उदाहरण आफ्रिकेतलं आहे, आणि त्याचा संबंध तुमच्या उपवासाच्या खिचडीशी आहे.

साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, म्हणजे टॅपिओका. आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचं ते रोजचं जेवण. १९७३ च्या सुमारास काँगो नदीच्या काठच्या किन्शासा आणि ब्राझाव्हिल या शहरांजवळ कसाव्यावर एक पिठ्या ढेकूण दिसला. काही वर्षांत तो आफ्रिकेचा मोठा पट्टा व्यापून बसला, शेतंच्या शेतं सुकली. १९७७ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, तेव्हा किडाही तिथलाच असणार, हा तर्क बरोबर होता. शोध सुरू झाला. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात कसाव्यावर अगदी तसाच पिठ्या सापडलाही. त्याला खाणारे कीटक गोळा करून आफ्रिकेतल्या पिठ्यासमोर ठेवले, तर ते त्याच्याकडे ढुंकून बघेनात.

घोटाळा असा की ते दोन वेगळे पिठ्या होते. वरून जवळजवळ सारखेच. पण आफ्रिकेतल्यात सगळ्या माद्या, नराशिवाय पिल्लं घालणाऱ्या. दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडच्यात मात्र नरही होते. हा फरक लक्षात आला तेव्हा कळलं की आपण चुकीच्या गावात पत्ता विचारतोय. खरा किडा १९८१ साली कीटकशास्त्रज्ञ टोनी बेलोटी यांना खाली पॅराग्वेमध्ये सापडला. तिथे त्याच्यावर जगणारी एक मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गांधीलमाशीच्या कुळातली माशी सापडली. ती पिठ्याच्या अंगात अंडं घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते. ही माशी आफ्रिकाभर सोडण्याची मोहीम हान्स हेरेन यांनी चालवली आणि १९९५ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

हाच पिठ्या २०२० मध्ये केरळात सापडला. साबुदाण्याचे कारखाने आहेत तमिळनाडूत सेलमच्या आसपास, तेव्हा हा धोका साधा नव्हता. पण या वेळी नाव पहिल्याच झटक्यात बरोबर लागलं होतं, त्यामुळे गाव आणि वैरी शोधण्यात वर्षं गेली नाहीत. तीच चिमुकली माशी आफ्रिकेतल्या बेनिनमधून मागवली आणि २०२२ च्या मार्चमध्ये सेलम जिल्ह्यात सोडली. पुढच्या एकादशीला खिचडी खाताना तिची आठवण ठेवा.

आपल्या पुण्याच्या जवळचं उदाहरणही आहे. २००८ साली कोइमतूरला पपईवर एक नवा पिठ्या दिसला. २०१० पर्यंत तो पुण्याच्या परिसरातल्या पपईच्या बागांत पोचला. फवारण्यांवर फवारण्या झाल्या, उपयोग शून्य. पण तज्ज्ञांनी त्याला ओळखला होता: हा मेक्सिकोकडचा पपईचा पिठ्या. गाव ठाऊक, वैरीही ठाऊक, कारण कॅरिबियन बेटांवर हा प्रयोग आधीच झाला होता. जुलै २०१० मध्ये पोर्टो रिकोहून तीन जातींच्या चिमुकल्या माश्या बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेत आल्या, तिथे वाढवल्या, बागांमध्ये सोडल्या, आणि हे संकट बऱ्याच अंशी ओसरलं.

या पपईच्या पिठ्याची एक खूण मला फार आवडते. तो अल्कोहोलमध्ये टाकून ठेवला की एक-दोन दिवसांत निळा-काळा पडतो. बाकी बहुतेक पिठ्या तसे होत नाहीत. पक्की ओळख मात्र त्यापुढे, काचपट्टीवर किडा पारदर्शक करून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या अंगावरची भोकं आणि नळ्या मोजून करतात. माझ्या लाडक्या लेन्सला यातलं काहीही दिसत नाही! 'फोटो आहेत माझ्याकडे' हे वाक्य आठवलं की अजूनही कान गरम होतात.

*

मग फोटो काढायचे कशाला? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि लेन्स विकायलाही काढली होती. (अर्ध्या किमतीला. म्हणजे बायकोला सांगितलेल्या किमतीला. हिशोब जुळला असता.) पण विकली नाही. काढण्याची पद्धत बदलली.

पूर्वी मी फक्त किडा काढायचो. मागचं सगळं धूसर, मधे हिरो. दिसायला झकास, ओळखायला निरुपयोगी. आता आधी झाड काढतो: पूर्ण झाड, मग पान, पानाची मागची बाजू, फूल असेल तर तेही. निवडुंगाच्या गोष्टीने एवढं तरी शिकवलं की किडा कोण हे कळायला तो कोणाच्या अंगावर आहे हे आधी कळावं लागतं. मग किडा वरून, बाजूने, शेजारी मापाला काडी ठेवून. मग आजूबाजूला कोण आहे ते: मुंग्या आहेत का, कातडी टाकलेली आहे का, पोखरलेला पिठ्या आहे का. तारीख आणि जागा कॅमेरा आपोआप लिहितो. आणि शेवटी कॅमेरा खाली ठेवून दहा मिनिटं नुसतं बघायचं, तो काय खातोय ते. हे दहा मिनिटांचं काम मी २०१८ मध्ये केलं असतं तर हा लेख लिहावाच लागला नसता.

रानफुलांकडेही वेगळ्या नजरेने बघायला लागलो. बांधावरचं गाजर गवत घ्या. ही अमेरिकेतली वनस्पती. भारतात माजलेली म्हणून तिची पहिली ठळक नोंद १९५६ साली, आपल्या पुण्यातूनच झाली. आज ती नाही असा बांध दाखवा! आणि पपई, कपाशी यांवरचे पिठ्या शेतात पीक नसेल तेव्हा याच गाजर गवतावर दिवस काढतात. म्हणजे बागेत पिठ्या शोधायचा तर आधी बांधावर शोधावा. उलट कंबरमोडी, केना अशी बारीक फुलं दिसली की मी आता थांबतो. पिठ्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या माश्यांसारख्या इवल्या कीटकांना पोटाला मधुरस लागतो, आणि तो अशाच बारीक फुलांत मिळतो. मामा आधी सगळा बांध तणनाशकाने पिवळा करून टाकायचे. आता गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट उपटतात, बाकीचं ठेवतात. हे मी सांगितलं म्हणून नाही हं. त्यांनी स्वतः दोन हंगाम बघितलं, मग ठरवलं.

आणि हेही सांगून टाकतो. कंबरमोडीसुद्धा अमेरिकेचीच. क्रिप्टोलेमस ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली आणलेला. आणि खुद्द सीताफळ? नावात सीता असली तरी तेही मूळचं अमेरिकेतलंच मानतात. म्हणजे मामांच्या बागेत पीक परदेशी, तण परदेशी, राखणदार परदेशी. 'बाहेरचा' म्हणून कोणाला उपटायचं ठरवलं तर बागेत फक्त आम्हीच उरू. तेव्हा हा कुठला हे जाणून घ्यायचं ते त्याला हाकलण्यासाठी नव्हे. तो इथे कोणाचं काय करतोय हे कळण्यासाठी.

मागच्या श्रावणातली गोष्ट. रविवारी सकाळी मामांचा व्हॉट्सॅपवर फोटो आला. हललेला, अर्धा अंगठा मध्ये. फांदीवर पांढरं, झिपऱ्या झिपऱ्यांचं काहीतरी. खाली प्रश्न: "हे कोण?"

मी घाम पुसला आणि फोन लावला.

"मामा, फवारलं नाही ना? आधी दहा मिनिटं बघा ते काय खातंय."

"बघितलं की."

"मग?"

"पिठ्या खातंय. आपलंच माणूस हाय." पलीकडून हसण्याचा आवाज आला. "मला ठाव होतं रं भाचेबुवा. तुला ठाव झालं का, ते बघत होतो."